झुंबरनानांची तिमाही मोजणी

झुंबर गांगुर्डे हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथं लिहायला काही हरकत नाही.

चौदा वर्षांपूर्वी मी पंचवटीतल्या आमच्या रुग्णालयात नोंदणीच्या काउंटरवर लागले. पहिल्याच सकाळी मला सांगितलं गेलं, तळघरात रेकॉर्ड रूममध्ये झुंबरनाना बसतात, ते तुमचं कंप्युटरचं खातं उघडून देतील. खाली गेले. एक उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस टेबलामागं बसला होता. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. नुसता कोरा कागद पुढं सरकवला.

"अर्ज लिहा. स्वतःच्या अक्षरात. पूर्ण नाव."

मी माझं नाव आणि आडनाव लिहून कागद दिला. तो तसाच परत आला.

"मधलं नाव कोण लिहिणार? आणि माहेर कुठलं?"

"माहेराचा काय संबंध?"

"संबंध असतो."

"चांदवड."

"चांदवडचे लय पेशंट येतात आपल्याकडं," नाना म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जणू अर्ध्या तालुक्याच्या फायली पर्समध्ये कोंबूनच आले आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरीचा पहिला दिवस होता, म्हणून गिळून टाकलं.

तर असे हे नाना. मूळचे देवळ्याकडच्या एका खेड्यातले. दहावी झाल्यावर नाशिकला आले आणि आमचं रुग्णालय जेमतेम पंधरा खाटांचं होतं तेव्हापासून इथं फायली लावायला लागले. कागदी फायलींच्या काळात रेकॉर्ड रूमची किल्ली त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात सेफ्टी पिनेनं अडकवलेली असायची, असं जुने लोक सांगतात. पुढं कंप्युटर आले. कुणाला काय दिसावं हे ठरवायचं काम कुणाकडं द्यायचं, असा प्रश्न निघाला. चार शिकलेली मंडळी आशेवर होती. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर, यांनी ते नानांकडं दिलं. म्हणाल्या, "सगळ्यांना नाही म्हणू शकेल असा आपल्याकडं एकच माणूस आहे."

काम तसं समजायला सोपं आहे. रुग्णालयात प्रत्येक माणसाचं कंप्युटरवर स्वतःचं खातं असतं. ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढंच दिसतं. काउंटरवर मला पेशंटचं नाव, वय, पत्ता दिसतो, आणि पेशंटनं मागितले तर तेवढे कागद छापून देता येतात. औषधाच्या खिडकीवर औषधं दिसतात, डोळ्यांच्या विभागात डोळ्यांचे कागद. कुणी कुठली फाईल किती वाजता उघडली आणि किती पानं बघितली, याची नोंद आपोआप होते. ती नोंद फक्त नानांना दिसते. कोणाला किती दार उघडं ठेवायचं आणि कोणाचं कधी लावायचं, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला.

आणि संशय तरी किती! हृदयविकाराचे आमचे एक मोठे डॉक्टर होते. त्यांना स्वतःच्या मेव्हण्याची फाईल बघायची होती, मेव्हणा होता दुसऱ्या डॉक्टरांकडं. नाना म्हणाले, "साहेब, मेव्हणा तुमचा हाय, फाईल त्याची हाय. त्याची सही आणा." डॉक्टर लालबुंद झाले, मोठ्या बाईंकडं गेले. बाईंनी हसून कानावर हात ठेवले. डॉक्टरांना सही आणावी लागली.

कुणाचा निरोप समारंभ असला की नाना शेवटपर्यंत कधी थांबले नाहीत. शाल खांद्यावर पडली रे पडली की हे जिना उतरायला लागत, आणि आमच्या हातात समोसा येईपर्यंत त्या माणसाचं खातं बंद झालेलं असे. सुवर्णा म्हणून एक सिस्टर तेवीस वर्षं नोकरी करून निघाल्या होत्या. भाषणात रडत होत्या. त्यांच्या रडण्यातच नाना उठून गेले. मला इतका राग आला होता की मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

दर तीन महिन्यांनी ते मोजणीला निघत. हातात छापील यादी, कानावर पेन. बाकीच्या रुग्णालयांत म्हणे मेल पाठवून विचारतात की अमुक माणूस अजून कामावर आहे का. नानांना ते मान्य नव्हतं. "मेलला उत्तर कोण देतो ते दिसत नाय. माणूस समोर दिसला पाहिजे." मग ते प्रत्येक मजल्यावर, प्रत्येकाच्या खुर्चीशी उभे राहत, यादीतलं पूर्ण नाव मोठ्यानं वाचत, चेहरा निरखत आणि टिक करत. जो रजेवर असेल त्याचं खातं तेवढ्यापुरतं बंद. आल्यावर आधी तळघरात जाऊन तोंड दाखवायचं. आम्ही याला जनगणना म्हणायचो. एकदा मी नाना येताना बघून ओढणीनं तोंड झाकून बसले. ते पाच मिनिटं तसेच उभे राहिले. शेवटी मलाच ओढणी काढावी लागली.

डेटाचा नवा कायदा आला, मानांकनाची तपासणी करणारे यायला लागले, आणि आजूबाजूच्या दवाखान्यांची धावपळ उडाली. आमचे नाना निवांत. ते हेच सगळं आधीपासून करत होते, फक्त त्याला कायदा न म्हणता संशय म्हणत होते. तपासणीवाल्यांनी त्यांच्या याद्या बघितल्या, टिकच्या खुणा बघितल्या, आणि मोठ्या बाईंसमोर त्यांचं कौतुक केलं. नाना त्या तपासणीवाल्यांकडंही संशयानंच बघत होते.

त्यांची एकुलती एक मुलगी पूजा हीसुद्धा आमच्याच रुग्णालयात. लग्नाआधी पाच वर्षं ती वडिलांच्या हाताखाली रेकॉर्ड रूममध्ये होती. जुन्या कागदी फायली स्कॅन करून कंप्युटरवर चढवायचं काम तिचं. गोड मुलगी, कामाला वाघ. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, पगाऱ्यांकडं. जावई ज्ञानेश विंचूरच्या वाइनच्या कारखान्यात कामाला. नाना तीन वेळा विंचूरला जाऊन आले, मुलगा वाइन बनवतो की पितो ते बघायला. लग्नानंतर पूजा डोळ्यांच्या विभागात गेली. एवढं सांगितलं की पुढचं नीट कळेल.

मागच्या कार्तिकातली गोष्ट. सोमवारी सकाळी काउंटर नुकतं उघडलं होतं. हिरामण केदारे माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. चांदवडला पंचायत समितीत शिपाई आहेत, माहेरच्या आमच्या गल्लीच्या मागं राहतात. दहा-बारा दिवसांपूर्वी ते मुलीला, सृष्टीला, घेऊन आले होते. मीच त्यांना कागद छापून दिले होते.

"भाग्यश्रीताई, तुम्ही गावची लेक म्हणून भरवशानं आलो होतो," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता, आणि त्यामुळंच मला भीती वाटली. "पोरीचं लग्न मोडलं."

मी त्यांना आत घेऊन बसवलं. सृष्टी सहावीत असताना तिला दोनदा आकडी आली होती. आमच्याकडं भरती केलं, तीन वर्षं गोळ्या चालल्या, मग बंद झाल्या. त्यानंतर आठ वर्षं काही नाही. आता साळव्यांच्या मुलाशी लग्न ठरत होतं. केदाऱ्यांनी ठरवलं होतं, साखरपुड्याआधी मुलाकडच्यांना सगळं सांगायचं, पण डॉक्टरांनी आता काही धोका नाही असं लिहून दिलेला कागद हातात ठेवून सांगायचं. त्यासाठीच बापलेक आले होते. रविवारी जाऊन सांगणार, तर शनिवारीच साळव्यांचा फोन आला, आम्हाला फसवलंत म्हणून.

"गोळीचं नाव सांगितलं त्यांनी, ताई. कुठल्या तारखेला भरती केली ती तारीख सांगितली. ती तारीख मला पण पाठ नाय. हे दवाखान्यातूनच गेलं. कोणी सांगितलं?"

ते माझ्याकडं बघत होते. त्यांना उत्तर माहीत आहे आणि मी कबूल करायची ते वाट बघताहेत, असं ते बघणं होतं.

दुपारी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. नाना तिथं आधीच होते. बाईंनी त्यांना माझ्यासमोर विचारलं, "गांगुर्डे, त्या आठवड्यात ही फाईल कुणी उघडली?"

नाना टेबलाच्या पायाकडं बघत म्हणाले, "कागद भाग्यश्रीताईंनी छापले."

बस, एवढंच. मी वाट बघत राहिले की ते पुढं काहीतरी म्हणतील. ते म्हणाले नाहीत.

माहेर चांदवडचं, कागद मी छापलेले, आणि आमच्या दवाखान्यात तोंड सगळ्यांत मोठं माझंच. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात नोटीस पडली: आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा दहा दिवसांत द्यावा. त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, गावात लोक म्हणतायत तूच सांगितलंस. खरं काय ते मला तरी सांग." माझ्या सख्ख्या भावानं मला असं विचारलं. मी फोन ठेवून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

रडून झाल्यावर मात्र डोकं चालायला लागलं. चौदा वर्षं मी नानांना बघत होते. हा माणूस एवढ्या मोठ्या प्रकरणात एका वाक्यावर थांबतो? एरवी एखादी नर्स चुकून दुसऱ्या वॉर्डातली फाईल उघडून बसली तर हे तासाभरात जिने चढून यायचे. आता ते वर येईनात. जेवायला कँटीनमध्ये येईनात. त्यांच्या खोलीतलं याद्यांचं कपाट कायम उघडं असायचं, कोणीही बघा म्हणून. त्याला कुलूप दिसलं. मी दारात गेले की ते स्क्रीन बंद करायचे. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघणारा माणूस माझ्या चपलांकडं बघून बोलायला लागला.

मला वाटायला लागलं, यांनीच सांगितलं. साळवे नानांचे कोणीतरी असणार. नातं कुठून निघतंय ते मी शोधायला लागले. याला-त्याला विचारत सुटले, नानांचे साडू कोण, व्याही कोण, देवळ्यात कोण आहे. मी अगदी नानांसारखी झाले होते आणि ते मला कळतही नव्हतं.

पाचव्या दिवशी मी खाली गेले आणि त्यांच्याच पद्धतीनं कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला. आपण स्वतः काय काय उघडलं याची यादी कुठल्याही कर्मचाऱ्याला मागता येते, हा नियम त्यांनीच सगळ्यांना घोकवला होता. पूर्ण नाव लिहिलं, मधल्या नावासकट. नानांनी अर्ज बराच वेळ हातात धरला. नावावरून बोट फिरवलं. मग शिक्का मारला.

दोन दिवसांनी यादी मिळाली. सृष्टी केदारे हिची फाईल मी एकदाच उघडली होती, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आणि दोन पानं छापली होती. डॉक्टरांनी त्या दिवशी लिहिलेला कागद आणि त्याची प्रत. भरतीची तारीख आणि गोळ्यांची नावं जुन्या स्कॅन केलेल्या पानांत होती. ती पानं माझ्या खात्यातून दिसतच नाहीत.

मी यादी त्यांच्या टेबलावर आपटली. "जुनी पानं कोणी उघडली, नाना?"

"ती यादी मागायचा अधिकार तुम्हाला नाय."

"मग कोणाला आहे?"

"मोठ्या बाईंना," नाना म्हणाले. थोडं थांबले. "आणि ज्याची फाईल, त्या पेशंटला."

हे त्यांच्या तोंडून निसटलं की त्यांनी मला मुद्दाम सांगितलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अजूनही मला सांगता येणार नाही. मी वर गेले आणि हिरामण केदाऱ्यांना फोन लावला. त्यांनी आधी माझं ऐकूनच घेतलं नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा म्हणाले, "सांगा काय ते." मी सांगितलं, सृष्टीच्या सहीनं अर्ज आणा, माझी फाईल कोणी कोणी उघडली ते मला कळवा, एवढंच लिहा, नवीन नियमांत तिला ते मागता येतं. ते म्हणाले, "आणि त्यात तुमचं नाव निघालं तर?"

"तर गावात येऊन माझ्या भावासमोर मला काय बोलायचं ते बोला."

नवव्या दिवशी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. बाई खुर्चीत, केदारे त्यांच्यासमोर, मी भिंतीशी, आणि नाना हातात एक कागद घेऊन उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांच्या शर्टाला त्या दिवशी इस्त्री नव्हती.

"वाचा," बाई म्हणाल्या.

नानांनी वाचलं. आवाज मोजणीच्या वेळी असतो तसाच होता, मोठा आणि सरळ. "अकरा तारीख. सकाळी अकरा वीस. भाग्यश्रीताई. दोन पानं, पेशंट समोर असताना छापली. त्याच दिवशी दुपारी एक बावीस. पूजा झुंबर गांगुर्डे. चौदा पानं."

मला आधी काही कळलंच नाही. बाईंनाही नाही. त्या म्हणाल्या, "पूजा म्हणजे तुमची मुलगी? ती तर पगारे आहे ना आता? आणि डोळ्यांच्या विभागातून ही पानं दिसतातच कशी?"

"पूजा ज्ञानेश पगारे हे खातं डोळ्यांचं हाय. त्यातून दिसत नाय. हे लग्नाआधीचं. रेकॉर्ड रूमचं. त्यातून सगळ्या जुन्या फायली दिसतात."

"लग्नानंतर ते बंद केलं नाही?"

"नाय."

सगळ्या दवाखान्याला हे माहीत आहे. मुलगी लग्न होऊन आली, दाखला घेऊन तळघरात गेली, की नाना नवं नाव लिहून नवं खातं उघडत आणि जुनं त्याच बैठकीला बंद करत. आमच्या दोघी-तिघी पोरींनी हातावरची मेंदी उतरली नसताना ते करून घेतलं आहे.

"पण तुम्ही दर तीन महिन्यांनी मोजता," बाई म्हणाल्या. "प्रत्येक खात्यासमोर माणूस बघता."

"बघतो. यादीत ती दोनदा यायची. एकदा पगारे म्हणून, एकदा गांगुर्डे म्हणून. चेहरा समोर असायचा. मी दोन्हीकडं टिक करायचो. सोळा वेळा केली."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. साळवे हे पूजाच्या सासूबाईंच्या बहिणीचं घर. बहिणीनं सासूला सांगितलं, मुलगी नाशिकच्या त्याच दवाखान्यात दाखवतात असं ऐकलंय, तुझी सून तिथंच आहे, बघायला सांग. सासूनं पूजाला सांगितलं. पूजाला वाटलं, लग्नाआधी चौकशी तर सगळेच करतात. शाळेत विचारतात, शेजारी विचारतात, किराणा दुकानात विचारतात. तिनं जुनं खातं उघडून बघितलं, ते उघडलं.

"मी तिला विचारलं," नाना म्हणाले. "ती म्हणाली, मी खोटं काहीच सांगितलं नाय, पप्पा."

"तुम्हाला हे कधी कळलं?" मी विचारलं. मला विचारायचा अधिकार नव्हता, पण माझा आवाज माझ्या ताब्यात राहिला नव्हता.

"पहिल्याच दिवशी. इथं यायच्या आधी."

"नऊ दिवस, नाना! नऊ दिवस मी चोर होते. माझ्या भावानं मला विचारलं."

"हो," नाना म्हणाले. माफ करा म्हणाले नाहीत. तेही त्यांनी म्हणायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

पुढच्या पंधरा दिवसांत जे व्हायचं ते झालं. माझी नोटीस मागं घेतली. पूजाची नोकरी गेली, आणि सासरी तिचे काय हाल झाले ते मी ऐकलं तेवढं पुरे. नानांनी स्वतःहून राजीनामा लिहिला, स्वतःच्या अक्षरात, पूर्ण नावानिशी. या सगळ्याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी सुटले होते. पण तळघरातली ती रिकामी खुर्ची बघितली की अजून वाईट वाटतं, आणि त्याच वेळी रागही येतो, आणि दोन्हींतलं कुठलं खरं ते मला ठरवता येत नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी केबिनमध्ये मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "गांगुर्डे, तुम्ही कोणाला एक दिवस सवलत दिली नाहीत. हेच एक खातं का ठेवलंत?"

नाना पहिल्यांदाच गडबडले. हातातल्या कागदाची घडी घातली, परत उलगडली.

"बंद करायला गेलो होतो, बाई. तीन वेळा गेलो. कंप्युटर आधी विचारतो ना. पूजा झुंबर गांगुर्डे, हे नाव कायमचं काढायचं का, हो की नाही. तिची आई म्हणाली होती, आता ती त्यांची झाली, घरातल्या रेशनकार्डावरून पण नाव काढलं. मी म्हटलं, एका ठिकाणी राहू द्यावं. इथं कोण बघणार हाय. बघणारा मीच."

माझा राग तिथंच थोडा ढिला पडला. खोटं कशाला सांगू, मला माझे वडील आठवले.

बाईंनी आपल्या टेबलावरचा कंप्युटर नानांकडं वळवला. "आत्ता बंद करा. आमच्यासमोर."

नाना वाकले. त्यांनी नाव शोधलं, खातं उघडलं, आणि प्रश्न स्क्रीनवर आला. भिंतीशी उभ्या असलेल्या मलाही तो वाचता येत होता. त्यांचं बोट वरच्यावर थांबलं.

तेव्हा हिरामण केदारे उठले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुमच्या पोरीचं नाव तुमच्यानं पुसवलं नाय," ते नानांना म्हणाले. "मी पण बाप हाय, मला समजतंय. पण माझ्या पोरीचं नाव आता चांदवडात ज्याच्या त्याच्या तोंडात हाय. आकडीवाली म्हणतात तिला. लग्नाचं नाव काढलं की ती खोलीचं दार लावून घेते. तुम्ही येवढं सगळं जाणता, कोणाला काय दिसावं, काय नाय. तर मग मला सांगा, लोकांच्या डोक्यातून ते काढायला कुठलं बटण दाबायचं?"

नानांनी 'हो' दाबलं. स्क्रीनवरून नाव गेलं. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, मी माझ्या पदराचं टोक पिळत राहिले, आणि हिरामण केदारे तसेच उभे होते, आमच्यातलं कोणीतरी उत्तर देईल म्हणून.